काढलेल्या फाइलींची वही

गजभियेबाई कॉम्प्युटरवरची फाइल काढण्यापूर्वी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलत आणि मांडीवर ठेवत. आज्ञा लिहून झालेली असे. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ती ओळ उभी असे, शेवटची कळ दाबायची तेवढी बाकी असे. ती दाबण्याआधी खोलीत जो कोणी असेल त्याला बाई म्हणत, "वाचा."

वाचायचं म्हणजे मोठ्यानं आणि एकेक अक्षर. मध्ये मोकळी जागा असेल तर 'जागा' म्हणायचं, टिंब आलं तर 'टिंब', आडवी रेघ आली तर 'रेघ'. चपराशी गुलाबराव इंग्रजी अक्षरं याच कामातून शिकले. पहिल्या वर्षी ते 'एम'ला 'दोन डोंगर' म्हणत. बाई चालवून घेत. "दोन डोंगर म्हना गुलाबभाऊ, पन तीन म्हनू नका," एवढीच अट.

त्या यंत्रावर युनिक्स नावाची प्रणाली चालत असे. तिच्यात फाइल काढण्याची आज्ञा दोन अक्षरांची होती, आर आणि एम. ती दिली की यंत्र 'खरंच काढू का' असं विचारत नसे, 'काढली' असंही सांगत नसे. पुढची ओळ रिकामी येई. गेलेली फाइल परत आणण्याची सोय नव्हती. बाईंची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती उभी होती.

कार्यालय परीक्षांचं होतं. विभागातल्या पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचे निकाल तिथून लागत. मी नागपूरच्या एका दैनिकात शिक्षणाच्या बातम्या करत असे. निकालाचे आसन क्रमांक आम्ही बारीक टायपात छापायचो, म्हणून मे महिन्यात माझा मुक्काम त्या कॉम्प्युटर खोलीच्या दाराजवळच्या बाकावर असे. खरं म्हणजे बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी होती. तशी पाटीही होती. पण वाचायला माणूस कमी पडू लागला तेव्हा बाईंनीच मला आत घेतलं. "बातमीदार, तुमी या. तुमाले वाचाचाच पगार भेटते."

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. जरीपटक्याकडून सायकलनं येत, साडेनऊला, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा पंचा बांधून. खोलीत शिरताना चपला बाहेर काढत. डब्यात भाकर आणि जवसाची चटणी. डबा खिडकीत ठेवत, यंत्राजवळ नाही. चौसष्ट-पासष्टच्या सुमारास एका छापखान्यात त्या मुद्रितशोधकाला मूळ मजकूर वाचून दाखवण्याचं काम करत. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद, सगळं उच्चारून. पुढे भोकं पाडण्याच्या कार्डांवर काम केलं, मग कार्डं गेली आणि पडदा आला. 'वाचा' ही सवय मात्र छापखान्यातली होती. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, असं त्या म्हणत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते जसं आहे तसं कानावर येतं.

वाचून झालं, कळ दाबून झाली की त्या वही उघडत. लांबट, कापडी पाठीची वही. रकाने पाच: फाइलीचं नाव, तिचा क्रमांक, वेळ, कोणी काढली, कोणी वाचली. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला नावाखेरीज यंत्रानं दिलेला एक क्रमांक असतो. माणसं नावानं बोलतात, यंत्र क्रमांक धरतं. बाई दोन्ही लिहीत.

गेलेल्या फाइलीची नोंद कशाला, असं मी एकदा विचारलं. उत्तरादाखल त्यांनी शाळेच्या दाखल्याची हकिगत सांगितली. पहिलीत त्यांचं नाव 'उकंडी' असं लागलं होतं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि शाळेत जाऊन मुलीचं नाव बदलून 'सुजाता' केलं. गुरुजींनी जुन्या नावावर तांबड्या शाईची एकच रेघ मारली आणि वर नवं लिहिलं. पुढे नोकरीच्या वेळी एका कारकुनाने अडवलं. जन्माच्या नोंदीत उकंडी, दाखल्यात सुजाता, या दोन मुली आहेत म्हणाला. मग शाळेची मूळ नोंदवही काढली. रेघेखालचं नाव वाचता येत होतं, म्हणून काम झालं.

"त्या गुरुजीनं शाईनं गिचमिड केलं असतं तं मी आज कोन असती?" बाई म्हणाल्या. "हे यंत्र काढते ते मागं काहीच ठेवत नाही. मंग कोनीतरी रेघ मारून ठेवाले पाह्यजे ना."

याच खोलीत पिंपळापुरे होते, निकाल शाखेचे अधीक्षक. सोवळ्यात राहावं तसे ते आपल्या नोंदवह्यांत राहत. तीस वर्षं त्यांनी एकच शिस्त पाळली होती: काम निकालात निघालेल्या गठ्ठ्याच्या नावाआधी तांबडी रेघ, अडकलेल्या प्रकरणाच्या नावाआधी चांदणी. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना कॉम्प्युटर आला. ते जिद्दीनं शिकले आणि शिस्त घेऊन पडद्यावर गेले. यादी तयार करणारा प्रोग्रॅम 'फाइलीला नाव काय देऊ' असं विचारी आणि सांगाल ते ठेवून घेई. विज्ञान शाखेचं काम संपलं की पिंपळापुरे नाव देत: रेघ आणि पुढे एस. अडकलेल्या प्रकरणांच्या यादीला त्यांनी नुसती चांदणी हेच नाव दिलं होतं.

रेघेची फाइल काढायची वेळ आली तेव्हा ती निघेना. नावाआधीची रेघ पाहिली की यंत्र ते नाव न मानता आज्ञेचाच भाग मानी आणि असला पर्याय आपल्याकडे नाही असं उत्तर देई. पिंपळापुऱ्यांनी अवतरणचिन्हं घालून पाहिली, अक्षर मोठं करून पाहिलं. तीन दिवस ते कोणाला बोलले नाहीत. चौथ्या दिवशी खुर्ची ओढून बाईंजवळ बसले.

"गजभियेबाई, हे यंत्र माझी इज्जत काढून राहिलं आहे. फाइल माझी, नाव मी ठेवलं, आणि मलाच म्हणतं, असं काही नाही!"

"साहेब, रेघ पाहिली का त्याले वाटते हुकूम आला. तुमी त्याले पत्ता सांगा. टिंब म्हंजे इथलं, याच घरातलं. टिंब, तिरपी रेघ, मंग नाव. मंग त्याले समजते का हे कोनाचं तरी नाव आहे."

फाइल निघाली. पिंपळापुऱ्यांनी खिशातलं पेन काढलं, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'आडमुठ्या नावांसाठी: टिंब, तिरपी रेघ, नाव', आणि तो पुठ्ठा कीबोर्डच्या वर भिंतीला चिकटवला. बाई हसल्या. त्यांना तो पुठ्ठा आवडला होता, असं मला वाटतं.

बाईंच्या 'वाचा'चा दुसराही एक उपयोग मी पाहिला. कार्यालयाचे उपसचिव एका दुपारी चिठ्ठी घेऊन आले. चौकशीत अडकलेल्या प्रत्येक उमेदवाराची एक छोटी फाइल असे, नाव म्हणजे त्याचा आसन क्रमांक. त्यांतली एक काढायची होती. "चुकून आली आहे," ते म्हणाले. बाईंनी चिठ्ठी पाहून आज्ञा लिहिली आणि हात मांडीवर ठेवले.

"वाचा साहेब."

"मी?"

"कागद तुमचा आहे. सांगनाऱ्यानं वाचाचं."

खोलीत सहा माणसं होती. प्रिंटर बंद होता, त्यामुळे शांतता होती. उपसचिवांनी पहिली दोन अक्षरं वाचली, क्रमांकाचा पहिला आकडा वाचला आणि थांबले. "नंतर बघू," असं म्हणून चिठ्ठी परत घेतली. बाईंनी ओळ पुसली. नंतर त्या चिठ्ठीबद्दल कोणी बोललं नाही. पण उपसचिव त्यानंतर बाईंना नावानं हाक मारत नसत, 'ऑपरेटर' म्हणत.

हे सगळं सांगायचं कारण १९८७च्या मे महिन्यातला एक दिवस.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जाहीर व्हायचा होता. सर्व केंद्रांचे गुण एकाच मोठ्या फाइलीत जमा झाले होते. एरवी तिची प्रत चुंबकीय फितीवर घेतली जाई, पण फितीचं यंत्र आठ दिवस बंद होतं आणि दुरुस्त करणारा माणूस मुंबईहून यायचा होता. हातातली शेवटची फीत गुणांच्या दुरुस्त्या होण्याआधीची होती. म्हणजे खरा निकाल त्या एका फाइलीत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. सगळे गुण मूळ कागदांवरून पुन्हा भरायचे तर महिना-दीड महिना लागला असता आणि पुढच्या प्रवेशांच्या तारखा त्याआधी संपल्या असत्या.

सकाळी साडेअकराला प्रिंटर सुरू झाला. तिहेरी कार्बनच्या कागदावर केंद्रामागून केंद्र छापलं जाऊ लागलं. डिस्क जवळजवळ भरली होती. बाईंनी रिकाम्या जागेचा आकडा वहीत लिहिला आणि सगळ्यांना सांगितलं, "आपापला कचरा काढून टाका. जागा कमी पडून राहिली."

दोन वाजता कागदाच्या पेट्या आल्या म्हणून बाई फाटकाशी सही करायला गेल्या. पिंपळापुरे त्यांच्या खुर्चीत बसले. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि मागे आपली एकही फाइल ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. रेघेच्या फाइली काढून झाल्या होत्या. निकालाच्या कप्प्यात, जिथे ती मोठी फाइलही होती, त्यांची शेवटची एक उरली होती, चांदणी नावाची. त्यांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, सावकाश ओळ लिहिली आणि हात मांडीवर ठेवले. अगदी बाईंसारखे.

"बातमीदारसाहेब, वाचता का जरा?"

मी वाचलं. "आर, एम, जागा, टिंब, तिरपी रेघ, चांदणी."

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी कळ दाबली. पुढची ओळ रिकामी आली. मग त्यांनी कप्प्यातल्या फाइलींची यादी मागितली. तीही रिकामी आली. त्यांनी पुन्हा मागितली. "फारच स्वच्छ झालं," ते म्हणाले. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

युनिक्सच्या आज्ञेत चांदणी हे नाव धरलं जात नाही. चांदणी म्हणजे 'इथलं सगळं'. पत्ता पुढे लावला तरी तिचा अर्थ तोच राहतो. रेघेला जो उपाय लागू पडला तो चांदणीला लागू नव्हता, आणि हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं.

बाई आल्या. पिंपळापुरे उठून उभे राहिले होते. बाईंनी पडद्यावरची ओळ पाहिली.

"वाचलं कोनी?"

"मी," मी म्हणालो. "जे होतं तेच वाचलं."

"वाचलं बरोबर. पाहिलं कोनी नाही."

त्या बसल्या. हात मांडीवर होते. काचेपलीकडे प्रिंटर चालू होता. मग त्यांनी रिकाम्या जागेचा आकडा मागितला, वही उघडली आणि सकाळच्या आकड्याशेजारी बोट ठेवलं.

"जागा सुटली नाही," त्या म्हणाल्या. "थोडी सुटली. तुमच्या चांदनीची असन, किरकोळ फाइलींची असन. मोठीची नाही सुटली."

"म्हणजे?" पिंपळापुऱ्यांनी विचारलं.

"म्हंजे नाव गेलं, फाइल नाही गेली. प्रिंटरच्या प्रोग्रॅमनं सकाळी उघडली अन् अजून धरून आहे. कोनी धरून आहे तोवर हे यंत्र जागा सोडत नाही. मले आता ती उघडता येत नाही, मह्याजवळ तिचं नावच नाही. त्याच्याजवळ आहे. त्याले पूर्न वाचू द्या. जे छापन ते आपलं."

मग आवाज न चढवता त्यांनी कामं वाटली. कोणीही कोणत्याही कळीला हात लावायचा नाही. गुलाबराव मागच्या व्हरांड्यात, जनरेटरपाशी. पिंपळापुरे प्रिंटरजवळ, येणाऱ्या प्रत्येक पानाचा क्रमांक मोठ्यानं वाचत, एकही पान सुटता कामा नये.

"बाई, मी आधी वरती जाऊन सांगतो," पिंपळापुरे म्हणाले. "माझी चूक आहे."

"आता नाही साहेब. आता वाचा."

बातमी तरीही वर गेली. तीन वाजता उपसचिव आले. कप्पा रिकामा पाहून त्यांनी उपाय सांगितला, जो त्या काळी कार्यालयातला प्रत्येक जण सांगे. "यंत्र बंद करून परत चालू करा. सगळं परत येईल."

बाई उठल्या. यंत्राचा मुख्य खटका खुर्चीमागच्या भिंतीवर होता. त्यांनी खुर्ची उचलून त्या खटक्यासमोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"बंद केलं तं जे आहे तेही जाईन."

"ऑपरेटर, मी सांगून राहिलो आहे."

"लेखी द्या साहेब. 'यंत्र बंद करा' असं लिहा, खाली सही करा. मी मोठ्यानं वाचतो अन् बंद करतो."

उपसचिवांनी पेन काढलं नाही. ते दारात उभे राहिले. दर चार-पाच मिनिटांनी घड्याळ पाहत. पलीकडून पिंपळापुऱ्यांचा आवाज येत होता, एकशे बारा, एकशे तेरा.

तीन चाळीसला वीज गेली. कूलर थांबले, प्रिंटर थांबला, पिंपळापुऱ्यांचा आवाज थांबला. पडदा तेवढा उजळ राहिला, कारण यंत्राला बॅटऱ्यांचा आधार होता. प्रिंटरला नव्हता. प्रिंटर थांबला की प्रोग्रॅम वाट पाहत उभा राही, त्याला धोका नव्हता. धोका बॅटऱ्या संपण्याचा होता. त्या वीस मिनिटं टिकत.

मागच्या व्हरांड्यातून हँडल फिरवल्याचा आवाज आला, एक धाप, मग काही नाही. पुन्हा तेच. खोली तापू लागली. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला की दहा मिनिटांत भिंतीला हात लाववत नाही. उपसचिव कपाळ पुसत म्हणाले, "कोणीतरी जाऊन बघा ना." कोणी हललं नाही. बाई खटक्यासमोर बसून होत्या. त्यांनी मला वेळ मोठ्यानं सांगायला सांगितली.

"तीन एकावन्न."

मागून गुलाबरावांची शिवी ऐकू आली. जनरेटरला दिलेली होती.

"तीन बावन्न. तीन त्रेपन्न."

"गुलाबभाऊ," बाईंनी बसल्या जागेवरून हाक दिली, "डिझेलचा कॉक पाहा. परवा तुमीच बंद केला होता."

पलीकडे काही खटपट झाली. मग खोकल्यासारखा आवाज, आणि जनरेटर लागला. तीन सत्तावन्न. गुलाबराव दारात आले. हात कोपरापर्यंत काळे. "मीच बंद केला होता, बाई," ते म्हणाले. "खरं आहे." बाई म्हणाल्या, "पानी प्या." प्रिंटर सुरू झाला. पिंपळापुऱ्यांनी थांबलं होतं तिथून पुढे वाचायला सुरुवात केली.

पाचच्या सुमारास छपाई फिकी पडू लागली. रिबन संपत आली होती. भांडारात दुसरी नव्हती आणि भांडारपाल लग्नाला गेला होता. पिंपळापुरे पान घेऊन आले, आकडे जेमतेम दिसत होते. "बाई, हे गेलं," ते म्हणाले. बाईंनी पान घेतलं, कार्बन वेगळा केला आणि खालची प्रत वर काढली. तिच्यावरचे आकडे काळे, ठसठशीत होते. रिबन कोरडी असली तरी ठोका कागदावर पडतच होता, आणि कार्बनला तेवढं पुरे होतं.

"वरचं सोडा. खालचं वाचा."

शेवटचं पान सहा वाजून तीन मिनिटांनी आलं. पिंपळापुऱ्यांनी त्याचा क्रमांक वाचला, मग मागचे सगळे क्रमांक बोटांनी पुन्हा तपासले. एकही सुटलं नव्हतं. ते तिथेच जमिनीवर, कागदाच्या पेटीला टेकून बसले.

प्रोग्रॅम आपलं काम संपवून एक कळ दाबण्याची वाट पाहत होता. ती दाबली की तो बंद होणार होता, आणि त्याच्या हातातली फाइलही. बाईंनी खुर्ची जागेवर आणली, हात मांडीवर ठेवले. मी ओळ वाचली. त्यांनी कळ दाबली आणि रिकाम्या जागेचा आकडा पुन्हा मागितला. या वेळी तो एकदम वाढला होता.

"आता गेली," बाई म्हणाल्या. सहा वाजून पाच मिनिटं.

निकाल दुसऱ्या दिवशी अकराला लागला. शेवटच्या काही केंद्रांच्या याद्या कार्बनच्या प्रतीवरून सूचनाफलकावर लागल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी वहीत दोन ओळी घेतल्या. पहिली, दोन वाजून दहा. काय लिहायचं ते न सांगता त्यांनी वही पिंपळापुऱ्यांकडे सरकवली. त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. 'कोणी वाचली' या रकान्यात मी सही केली. दुसरी ओळ बाईंनी स्वतः लिहिली. फाइल: निकालाची. वेळ: सहा वाजून पाच. कोणी काढली: सु. गजभिये. तिथेही वाचणारा मी. मग त्यांनी भिंतीवरचा पुठ्ठा काढला आणि खळ लावून त्या ओळींखाली चिकटवला.

जूनमध्ये चौकशी झाली. चौकशी उपसचिवांनी केली. मला तिची हकिगत गुलाबरावांनी सांगितली. उपसचिव बाईंना प्रश्न विचारत होते तेव्हा ते दाराशी उभे होते.

"निकालाची फाइल नष्ट केव्हा झाली?"

"सहा वाजून पाच मिनिटांनी."

"तेव्हा खुर्चीवर कोण होतं?"

"मी."

"आणि दोन दहाला काय झालं?"

"नावं गेली, साहेब."

"ही युक्ती अधीक्षकांना कोणी शिकवली?" उपसचिवांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून विचारलं.

"मी शिकवली. अर्धीच शिकवली."

पिंपळापुरे तोवर नारळ आणि शाल घेऊन निवृत्त झाले होते. चौकशीला त्यांनी पत्र पाठवलं, सगळा दोष स्वतःवर घेणारं, चार पानी. ते पत्र फाइलीला लागलं, विचारात घेतलं गेलं नाही. वहीतली दुसरी ओळ स्पष्ट होती आणि विचारणाऱ्यांना तेवढी हवी होती. बाईंना ताकीद मिळाली आणि त्यांची बदली लेखनसामग्रीच्या भांडारात झाली. मला कोणी बोलावलं नाही. बाहेरचा माणूस त्या खोलीत नव्हताच, असं चौकशीच्या कागदावर होतं; वहीतल्या माझ्या सह्यांकडे कोणी पाहिलं नाही. मीही आपणहून गेलो नाही. बातमीही दिली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, हिवाळ्यात. भांडार इमारतीच्या मागे होतं, पत्र्याचं छप्पर, एक खिडकी. खिडकीत डबा. दाराबाहेर चपला, जरी तिथे धुळीला जपावं असं कोणतंही यंत्र नव्हतं. सर्वांत वरच्या फळीवर प्रिंटरच्या रिबनींचे डबे एका ओळीत लावलेले होते. मी मोजले, चौदा होते. शेजारी दोऱ्यानं बांधलेली एक नवी वही.

आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. नव्या ऑपरेटरला कोणी वाचून दाखवतं का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मग वर्षभर मनात होतं ते मी विचारलं.

"बाई, ती दुसरी ओळ तुम्ही का लिहिली? पहिली पुरेशी होती."

त्यांनी टेबलावरची पावतीपुस्तकं सारखी केली.

"ते तुमीच वाचलं होतं ना?"

"हो."

"काही चुकीचं होतं का त्याच्यात?"

मी ती ओळ आठवली. फाइल, वेळ, नाव.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग."

बाहेर कोणीतरी कागदाचं रीम मागायला आलं होतं. बाईंनी मागणीची चिठ्ठी घेतली, टेबलावर त्याच्याकडे वळवून ठेवली आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"वाचा," त्या म्हणाल्या.